उष्टं की चीवर? विहारातल्या जुन्या कॉम्प्युटरची गोष्ट

आमच्या विहारातला कॉम्प्युटर चालू व्हायला आधी साडेचार मिनिटं लागायची. अभ्यासिकेतल्या मुलींनी त्यावर स्वतःच तोडगा काढला होता. संध्याकाळी सातला आल्या की पहिल्यांदा कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, मग मेणबत्ती लावायची, मग त्रिशरण-पंचशील म्हणायचं. वंदना संपून सगळ्या उठेपर्यंत पडद्यावर चिन्हं उमटलेली असायची. एखादी म्हणायची, "ताई, उठला बघा."

आज त्या यंत्राबद्दल लिहायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. पण या साडेचार मिनिटांवरून माझं आणि माझ्या एका विद्यार्थिनीचं जे भांडण झालं, त्यात आपल्या चळवळीचा एक जुना प्रश्न लपलेला होता आणि तो मला पस्तिशी ओलांडल्यावर, समाजशास्त्रात एम.ए. करून बसल्यावर, एका अठरा वर्षांच्या मुलीने शिकवला. म्हणून लिहिते आहे.

मी माझगावची. माझगाव म्हटलं की लोकांना माझगाव डॉक आठवतं, तिथे बांधलेल्या युद्धनौका आठवतात. पण या किनाऱ्याला दोन टोकं आहेत. एका टोकाला माझगाव डॉकमध्ये नवी जहाजं बांधली जातात आणि थोडं उत्तरेला, रे रोडच्या बाजूला, दारूखान्यात जुनी जहाजं तोडली जातात. लहानपणी आम्ही दारूखान्याच्या रस्त्याने जायचो तेव्हा जहाजातून निघालेली दारं, दोरखंड, पितळी दिवे, कपबश्या, संडासाची भांडीसुद्धा विकायला मांडलेली असायची. माझे वडील गोदीत माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होते. ते म्हणायचे, "जहाज मरतं, पण त्यातलं काहीच फुकट जात नाही. फुकट जातो तो माणूस." हे ते उगाच म्हणत नव्हते. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, मालाचे कंटेनर आले, आणि पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसांची गरज वर्षागणिक कमी होत गेली. नवं यंत्र आलं की आधी कोणाचं काम जातं, हे आमच्या घराने पाहिलेलं आहे.

तर तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्या विहाराला पाच कॉम्प्युटर दिले. कंपनीचं नाव सांगत नाही, नावाने काही फरक पडत नाही. अशी कंपनी तुमच्याही वस्तीत येऊन गेली असेल. कार्यक्रम झाला. फलक लागला. फलक कॉम्प्युटरपेक्षा नवा होता. पाहुण्यांनी भाषण केलं की ही मुलं आता डिजिटल होणार. फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर आम्ही पाचही यंत्रं जोडली. दोन चालू झाली. एकाचा पंखा फिरत होता, पडदा काळाच. उरलेली दोन उघडली तर त्यांतल्या हार्ड डिस्क काढून घेतलेल्या होत्या. कंपनीचा माल कंपनीने जपला होता, ते समजू शकते. पण मग आम्हाला दिलं काय होतं?

त्या रात्री ती विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, हे उष्टं आहे."

मला राग आला. मी म्हटलं, "फुकट मिळालंय ना? मग नखरे कसले? आम्ही एम.ए.चा प्रबंध सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून टाइप केला." ती काही बोलली नाही. दप्तर उचलून गेली आणि पुढे दोन आठवडे अभ्यासिकेत आलीच नाही.

नंतर तिच्या घरी गेले तेव्हा उलगडा झाला. तिची आई टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. पूर्वी कामावरून उरलेलं अन्न पिशवीतून घरी यायचं. एक दिवस तिच्या आजीने ती पिशवी बाहेर नेऊन ओतली आणि घराला नियम घालून दिला : कामावरचं उरलेलं या उंबऱ्याच्या आत येणार नाही, एक वेळ चहा-पाव खाऊ. आजी शाळेत गेलेली नाही. पण १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचं मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असं सांगितलं होतं. ते त्या म्हातारीपर्यंत कुठून तरी, कोणाच्या तरी तोंडून पोहोचलं होतं. नातीच्या तोंडातला "उष्टं" हा शब्द तिथून आला होता. मी त्याला नखरा म्हणाले होते.

मी तिची माफी मागितली. पण माझ्या मनात प्रश्न उरलाच. विहारात दोन चालू यंत्रं होती आणि वीस मुलं. ती यंत्रं फेकून द्यायची होती का? स्वाभिमान राखायचा म्हणजे रिकाम्या हाताने बसायचं का?

उत्तर मिळालं ते शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपली घरंच्या घरं या पैशावर शिकली आहेत. आता अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळं स्कॅन करून ठरावीक केबीत बसवून चढवायचं. ती मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. मोबाइलवरून अर्ज भरायचा तिने तीनदा प्रयत्न केला होता. फाइल मोठी आहे म्हणून नाकारली जायची, नाहीतर मधेच पान कोरं व्हायचं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग. शेवटी रात्री आठ वाजता ती विहारात आली. आढेवेढे न घेता म्हणाली, "ताई, तुमचा कॉम्प्युटर लावा."

लावला. साडेचार मिनिटांनी उठला. पोर्टल उघडलं तर पडद्यावर इशारा : हे कनेक्शन सुरक्षित नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. दुसरी साइट उघडली, तिथेही तेच. मी म्हटलं, सर्व्हर पडला असेल. वाट पाहू. नऊ वाजले. मी ओळखीच्या दोघांना फोन केले, त्यांच्याकडे पोर्टल उघडत होतं. माझे हातपाय गार पडले. वर्षाची फी होती ती. तिच्या आईचे कित्येक महिन्यांचे पगार.

पावणेदहाला ती मुलगी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, याच्या घड्याळात २००८ साल का आहे?"

कारण साधं होतं, पण मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखी गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, त्यावरूनच तो आकडा. यंत्र बंद असताना त्यातलं घड्याळ या बॅटरीवर चालतं. बॅटरी मेली की यंत्र प्रत्येक वेळी आपल्या जन्मसालात जागं होतं. आणि प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. आमचं यंत्र आपल्या २००८च्या घड्याळात बघून म्हणत होतं की हे प्रमाणपत्र तर अजून सुरूच झालेलं नाही. पोर्टल ठीक होतं, इंटरनेट ठीक होतं. आमचं यंत्र सोळा-सतरा वर्षं मागे राहिलं होतं, एवढंच.

तिने तारीख बदलली. पान उघडलं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज गेला. पावतीचा क्रमांक तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, मोबाइलमध्ये फोटोही काढला, आणि मग बराच वेळ दोघी नुसत्याच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बॅटरी कुठे मिळते? मला बघायचंय आत काय असतं."

इथून पुढे जे झालं ते मी चळवळीतल्या मित्रांसाठी जरा सविस्तर सांगते, कारण हे कुणीही करू शकतं. आम्ही दोघी आणि अजून तीन मुलं मिळून पाचही यंत्रं फरशीवर उघडून बसलो. आतली धूळ रंगाच्या ब्रशने काढली. एका यंत्राचा पंखा धुळीने गच्च झाला होता; प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे अर्धा संथपणा नुसत्या कचऱ्याचा होता. काळ्या पडद्याच्या यंत्राची रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून परत बसवली, आणि ते चालू झालं. मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. डॉ. भडकमकर मार्ग हे त्या रस्त्याचं आताचं नाव, पण कोणी म्हणत नाही. तिथे जुन्या रॅमच्या पट्ट्या मिळतात. बंद यंत्रांतली रॅम चालू यंत्रांत घातली, कमी पडली ती विकत घेतली. दोन जीबीची चार जीबी झाली. तीन यंत्रांत लहान एसएसडी बसवल्या. हा खर्च आम्ही जयंतीच्या वर्गणीतून केला आणि त्यावरून मंडळाच्या बैठकीत वादही झाला. डीजेचं एका तासाचं भाडं आणि तीन एसएसडी, हा हिशोब फळ्यावर मांडल्यावर वाद मिटला.

जुनं यंत्र संथ का होतं, हे त्या दिवसांत कळलं. बहुतेक वेळा प्रोसेसर दोषी नसतो. जुनी हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनसारखी फिरती तबकडी, वाचणारी सुई इकडून तिकडे धावत राहते. एसएसडीत फिरणारं काही नाही. तेवढ्या एका बदलाने साडेचार मिनिटांचं एक मिनिट झालं. दुसरा दोष वेबसाइटचा. पंधरा वर्षांपूर्वीच्या पानावर मजकूर असायचा. आजच्या पानावर मजकुराआधी जाहिराती, व्हिडिओ आणि पाळत ठेवणारे कोड उतरतात. म्हणून आमचा नियम आहे : एका वेळी दोनच टॅब. आणि तिसरं, विंडोजच्या जागी आम्ही लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घातली. ती फुकट आहे, कायदेशीर आहे. देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे, पत्रं आणि तक्ते करायला लिब्रेऑफिस आहे. चोरून घातलेल्या सॉफ्टवेअरवर पंचशीलाची पोरं शिकवायची नाहीत, हे माझं मत मी रेटून नेलं.

पाच मेलेल्या यंत्रांची तीन जिवंत झाली. उरलेल्या दोघांचे सांगाडे शिकवायला ठेवलेत.

कोणी म्हणेल, ताई, एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक पोराच्या हातात मोबाइल आहे. आहे ना. पण मोबाइल बघायला बनवलाय, लिहायला नाही. आपल्या मुलांचा अंगठा दिवसभर पडद्यावर सरकतो, आणि सरकणाऱ्या अंगठ्याने माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून होत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग दर मिनिटाला लागतो, तो अंगठ्याने येत नाही. २००१पासून एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आलं, नोकरीसाठी ते मागितलं जातं. आपल्या मुली ते पास होतात आणि घरी कॉम्प्युटर नसल्याने सहा महिन्यांत सगळं विसरतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २०१७-१८ची ७५वी फेरी सांगते की देशात फक्त १०.७ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, शहरांत २३.४ टक्के, गावांत ४.४ टक्के. शंभरातल्या नव्वद घरांत नव्हता, आणि ती नव्वद घरं कोणत्या वस्त्यांत आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. समाजशास्त्रात बोर्द्यू सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. ज्याच्या बापाच्या टेबलावर कीबोर्ड होता, तो दहाव्या वर्षी टाइप करतो आणि लोक म्हणतात, पोरगं हुशार आहे.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो आपल्या हातात वाचायला काही नव्हतं म्हणून नव्हे, आपल्या हातात लिहायला जागा नव्हती म्हणून. आज रील बघणारा समाज म्हणून आपण मोठे ग्राहक आहोत. लिहिणारा, अर्ज करणारा, तक्ता मांडून प्रश्न विचारणारा समाज व्हायचं असेल तर कीबोर्ड लागेल. संथ असला तरी चालेल.

अजून एक अनुभव. आमच्या मंडळाने २००५ साली एक स्मरणिका काढली होती. त्यात वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी होत्या. १९५६ला नागपूरला दीक्षेला गेलेल्यांच्या, डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर अंत्ययात्रेत चाललेल्यांच्या. ती माणसं आता नाहीत. छापील प्रती पावसात भिजून गेल्या. सीडी होती, पण नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा बुजबुजाट. कारण तेव्हाचे डीटीपीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवायचे. फॉन्ट गेला की मराठी गेली. आता युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा ०९१५, आणि तो जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'क'च राहतो. जुन्या सचिवांच्या माळ्यावर त्यांचा पेंटियम फोर पडून होता. त्यात तो फॉन्टही होता आणि ते सॉफ्टवेअरही. कण्हत-कुथत तो चालू झाला आणि पडद्यावर आमच्या म्हाताऱ्यांची मराठी उमटली. मुलांनी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलला, चुका हाताने दुरुस्त केल्या. ज्या यंत्राला भंगारवाला किलोच्या भावाने नेणार होता, त्याच्याकडेच आमच्या इतिहासाची किल्ली होती. तुमच्याही मंडळाच्या माळ्यावर बघा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उष्टं म्हणजे काय?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात खावं असा हुकूम आहे. दुसऱ्यांनी टाकलेलं वापरणं हा तिथे धर्म म्हणून लादलेला आहे. याच्या उलट बुद्धाच्या संघात पांसुकूल आहे. भिक्खू टाकलेली चिंधी, स्मशानातलं वस्त्रसुद्धा उचलतात, धुतात, शिवतात, रंगवतात, आणि त्याचं चीवर होतं. राजेसुद्धा त्या चीवरापुढे वाकतात. चिंधी तीच. एका ठिकाणी ती गुलामीची खूण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मुक्तीची. फरक कशात आहे? चिंधीत नाही. ती कोणी निवडली यात आहे, आणि तिला कोणी धुतलं, शिवलं यात आहे.

विनयपिटकात उदेन राजा आणि आनंद यांची गोष्ट येते. राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दान दिली, तेव्हा राजाला वाटलं हा भिक्खू कापडाचं दुकान काढतो की काय. त्याने विचारलं, एवढ्यांचं काय करणार? ज्यांची जीर्ण झाली त्यांना देईन. जीर्ण झालेल्यांचं? पलंगपोस. त्या जुन्या झाल्या की? मग गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणी, मग धूळ झटकायला, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून लिंपायला. राजाने आणखी पाचशे दिली. दारूखान्यात माझ्या वडिलांनी जे पाहिलं होतं ते मला इथे पुन्हा भेटलं. पण या गोष्टीत एक गोष्ट लक्षात ठेवा : आनंदाला मिळालेली चीवरं नवी होती. वापर शेवटपर्यंत करायचा, पण सुरुवात पायपुसण्यापासून करायची नाही.

आणि बाबासाहेब? आमच्या माझगावात ताडवाडीच्या बीआयटी चाळी आहेत. १८९६च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. सुटाबुटातला हा माणूस न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालत होता. सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं त्यांनी जमवली, अशी नोंद चरित्रकार धनंजय कीरांनी केली आहे. कोणीतरी वापरून विकलेली पुस्तकं होती ती. बाबासाहेबांनी ती उष्टी मानली नाहीत, कारण ती त्यांनी पोटाला चिमटा काढून, निवडून, वाचण्यासाठी घेतली होती. त्याच बाबासाहेबांनी महाडला स्त्रियांना सांगितलं की लुगडं फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ असलं पाहिजे. म्हणजे जुन्याची लाज त्यांना नव्हती. लाचारीची होती.

ही कसोटी मी त्या पाच कॉम्प्युटरना लावते तेव्हा उत्तर स्वच्छ मिळतं. फलकाखाली, हार्ड डिस्क काढून, चालतंय की नाही हे न बघता आमच्या अंगावर टाकलेली ती यंत्रं उष्टीच होती. माझी विद्यार्थिनी बरोबर होती. आणि आम्ही उघडून, पुसून, वर्गणीचे पैसे घालून, आपल्याला हवं ते त्यात बसवून उभी केलेली तीन यंत्रं उष्टी नाहीत. तीही बरोबर होती, मीही थोडी बरोबर होते. पण तिचं बरोबर असणं आधीचं होतं. ती बोलली नसती तर मी आयुष्यभर फलकाखाली उभी राहून आभार मानत बसले असते.

हे लिहिताना एक धोका दिसतो, तोही सांगते. उद्या कोणी हा लेख दाखवून म्हणेल, बघा, गरिबांचं जुन्यात भागतं. भागत नाही. आमच्या यंत्रांवर व्हिडिओ कॉल अडखळतो. कॅमेऱ्यासमोर द्यायची ऑनलाइन परीक्षा आम्ही त्यावर द्यायला लावत नाही. काही उपकरणं फक्त नव्या विंडोजवरच चालतात. आणि काळ पुढे ढकलत नेतोच. विंडोज ७चा पाठिंबा जानेवारी २०२०मध्ये संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१७च्या आधीची बहुतेक यंत्रं त्या यादीत बसत नाहीत, मग ती कितीही धडधाकट असोत. म्हणजे येत्या काळात कार्यालयांतून ढिगाने कॉम्प्युटर बाहेर पडणार. त्यांतले काही फलकासकट आपल्या वस्तीत येणार आणि बाकीचे भंगारात जाणार. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेला, असं संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अहवाल सांगतो. उरलेला कोण जाळतो, तांब्यासाठी वायरी कोण सोलतो, ॲसिडात बोर्ड कोण बुडवतो? कचऱ्याच्या कामात कोणत्या जातीचे हात आहेत हे कळायला वेगळं सर्वेक्षण लागत नाही. यंत्राच्या जन्माला आपण नसतो, मयताला मात्र आपल्यालाच बोलावतात.

म्हणून आमच्या मंडळाने ठराव केला आहे. तुम्हाला पटला तर तुमच्याकडेही करा.

एक, चालू करून दाखवलेलं यंत्रच घ्यायचं. मेलेलं यंत्र दान नव्हे, ती दुसऱ्याचा कचरा उचलण्याची सक्ती आहे. दोन, हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउससकट घ्यायचं. तीन, फलक नाही, फोटो नाही. पोच म्हणून मंडळाचं पत्र देऊ. चार, यंत्र अगदी निकामी झालं की परत नेऊन नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी देणाऱ्याने लेखी घ्यायची. २०२३पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम आहेत, ते आपल्यालाही वाचता येतात. पाच, यंत्र उघडायला आधी मुलींनी शिकायचं. आणि सहा, हे सगळं करत असताना अभ्यासिकेसाठी नवे कॉम्प्युटर मागणारा अर्ज दरवर्षी शासनाकडे जाणार, आणि तो याच जुन्या कॉम्प्युटरवर टाइप होणार.

सहावा ठराव त्या मुलीचा आहे. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. शिष्यवृत्ती मिळाली, उशिरा का होईना. अर्जांच्या दिवसांत ती विहारात रोज दोन तास बसते. गेल्या हंगामात तिने वस्तीतल्या सव्वीस मुलांचे अर्ज भरले, एका पैशाशिवाय. फक्त अट घातली की प्रत्येकाने आपला अर्ज स्वतः टाइप करायचा, ती शेजारी बसेल. एका मुलाने कुरकुर केली की ताई, तुम्ही भरला असता तर दहा मिनिटांत झालं असतं. ती म्हणाली, "झालं असतं. पण पुढच्या वर्षी परत माझ्याकडेच आला असतास."

तिच्या आजीला मी मुद्दाम विहारात बोलावलं. तिला यंत्र दाखवलं, नात त्यावर काय करते ते दाखवलं. आजीने कॅबिनेटवरून हात फिरवला, बोट बघितलं आणि म्हणाली, "धूळ नाही. मग ठीक."

या महिन्यात पुन्हा एक फोन आला आहे. आठ कॉम्प्युटर आहेत म्हणे, कार्यक्रम कधी ठेवू? मी आमचा ठराव पाठवून दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर आठ यंत्रं येतील. नाही आलं तर आमची तीन आहेत, एका मिनिटात उठतात. मुलींनी मात्र सवय मोडलेली नाही. आधी बटण, मग मेणबत्ती, मग वंदना.

जय भीम!